गुरुवारचा अर्धा तास

बाई कॉलेजातून बाहेर पडल्या त्याला तीन वर्षं झाली होती. वय झालं म्हणून नव्हे. सांख्यिकी घ्यायला मुलं येईनाशी झाली, विभाग गणितात विलीन झाला आणि एका सोमवारी बाईंच्या टेबलाच्या जागी झेरॉक्सचं मशीन दिसलं. काय समजायचं ते बाई समजल्या आणि त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. वर्षभर घरी बसून झाल्यावर त्यांना एका परदेशी विद्यापीठाचं काम मिळालं. सगळं विद्यापीठच ऑनलाइन. अभ्यासक्रम रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचा. विद्यार्थी नऊ देशांतले, नोकरी करून शिकणारे: कुणी नर्स, कुणी ॲम्ब्युलन्सचा चालक, कुणी औषधांच्या गोदामातला कारकून. व्याख्यानं आधीच रेकॉर्ड केलेली असायची. बाई मार्गदर्शक. एकतीस जणांना ठरलेल्या वेळी स्क्रीनवर भेटायचं, त्यांच्या प्रकल्पातली आकडेमोड तपासायची, आणि कुणी मागे पडत असेल तर त्याला हाताला धरून पुढे आणायचं.

बाई एकट्याच राहत. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. खाली काच घासायचं यंत्र सुरू झालं की वर बाईंच्या टेबलावरची पेन्सिल हळूहळू गडगडत कडेला यायची. भाच्याने आणून दिलेला हेडफोन कानाला लावला की ते यंत्र ऐकू येत नसे, जिन्यातली पावलं ऐकू येत नसत, आणि समोर एखाद्या लांबच्या देशातली भिंत उघडत असे. दिवसाला चार-पाच भिंती. प्रत्येक भिंतीसमोर एक माणूस, त्याला पुढच्या अर्ध्या तासात काहीतरी हवं असायचं. ते मिळालं की तो आभार मानायचा आणि भिंतीसकट नाहीसा व्हायचा. यात वाईट काहीच नव्हतं. फक्त दिवसभर नऊ देशांशी बोलूनही संध्याकाळी दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर" म्हणताना बाईंचा आवाज बसलेला निघायचा, कारण दिवसभर त्या कामाचंच बोललेल्या असत.

गुरुवारी चार वाजता मात्र घडीवाली यायची.

हे नाव बाईंनीच मनातल्या मनात ठेवलं होतं. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीची मुख्य होती. वय बावन्न. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची, धुलाईची पहिली खेप निघालेली असायची, आणि फोन फळीवर उभा करून ती बोलता बोलता चादरींच्या घड्या घालत राहायची. तिच्यामागे कपाटांतून छतापर्यंत पांढऱ्या चादरी. दोघी बोलत ती भाषा दोघींपैकी एकीचीही नव्हती. दोघीही ती पुस्तकातून शिकलेल्या. त्यामुळे एखादा शब्द अडला की दोघींचाही एकदमच अडायचा, आणि मग हातवारे करून भागवावं लागायचं.

"बाई, आधी सांगा, जेवलात का?" हा तिचा पहिला प्रश्न.

"चार वाजलेत माझ्याकडे."

"मी वेळ नाही विचारली."

घडीवालीच्या प्रकल्पाचा विषय तिने स्वतः शोधला होता. रुग्णालयात रोज चादरी कमी पडत. सहा वॉर्ड; सकाळी मोजून वर पाठवायच्या, संध्याकाळी मोजून खाली घ्यायच्या, तरी रोज नऊ-दहा गायब. लाँड्रीतल्या बायकांवर चोरीचा संशय होता. तिचं म्हणणं, माझ्या बायका चोर नाहीत, आणि हे मला आकड्यांनी सिद्ध करायचंय.

पहिल्या महिन्यात तिने सगळ्या वॉर्डांची सरासरी काढून दाखवली. "प्रत्येक वॉर्डातून रोज दीड चादर जाते," ती म्हणाली. मग स्वतःच थांबली. "बाई, ही अर्धी चादर कोण चोरतं?"

बाई हसल्या. हसताना त्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांनी आपण या खोलीत आवाज करून हसलो. त्यांनी तिला सरासरी बाजूला ठेवायला सांगितलं आणि प्रत्येक वॉर्डाचे, प्रत्येक वाराचे आकडे वेगळे लिहायला लावले. सव्वीस आठवडे रोज मोजायचं असं ठरलं. बाकीच्या विद्यार्थ्यांना पंधरवड्यातून एकदा अर्धा तास मिळे. घडीवालीचे आकडे तपासायचे म्हणून बाईंनी तिला दर गुरुवार दिला. नियमात ते बसत होतं. बसलं नसतं तरी बाईंनी बसवलं असतं.

पंधराव्या आठवड्यात बाईंना ताप आला. चार दिवस त्या पडून होत्या. कुणाला कळवलं नाही, कळवण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी उठून बसल्या, तोंड धुतलं, चारला वीस मिनिटं कमी असताना संगणक उघडला. विद्यापीठाच्या पानावर प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक ठिपका असे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे आजच बोला. घडीवालीच्या नावापुढे राखाडी ठिपका होता.

राखाडी बाईंनी आधी एकदाच पाहिला होता. नाव पटावरून कमी झालं, असा त्याचा अर्थ.

त्यांनी नोंद उघडून पाहिली. दुसऱ्या वर्षाच्या नोंदणीचा अर्ज भरायचा राहिला होता. मुदत संपली तो आठवडा बाईंना आठवत होता. तिच्या रुग्णालयात तापाची साथ होती, लाँड्री तिन्ही पाळ्यांत चालत होती आणि घडीवाली उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. सूचनेची दोन पत्रं गेली होती, पण ती लाँड्रीतल्या कुणीतरी उघडून दिलेल्या ईमेलच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता ती कधी बघत नसे. मग गेल्या चार दिवसांत कधीतरी तिचा ठिपका लाल झाला असणार. बाई अंथरुणात होत्या. आता साठ दिवसांत अपील करायचं, सोबत मार्गदर्शकाचा शेरा जोडायचा. शक्यतो मंजूर होतं, असं खाली लिहिलं होतं. शक्यतो.

चार वाजले. बाईंनी सांगायचं ठरवलेलं होतं. भेटीची ऑनलाइन खोली त्यांच्याच खात्यातून उघडत असे, तिला ठिपक्याशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे घडीवाली नेहमीसारखी आत आली. फोन फळीवर टेकवला, चादर झटकली आणि थांबली.

"बाई, तुम्ही आजारी आहात."

"थोडा ताप होता."

"थोडा नाही. डोळे बघा. कोण आहे तुमच्याजवळ?"

"आहेत सगळे," बाई म्हणाल्या. ते खोटं होतं.

घडीवालीने त्या दिवशी आकडे काढलेच नाहीत. अर्धा तास ती पाणी किती प्यायलात, काय खाल्लंत, खिडकी उघडी आहे का, हेच विचारत बसली. साडेचार वाजता ती गेल्यावर बाईंच्या ध्यानात आलं की सांगायचं राहून गेलं. पुढच्या गुरुवारी सांगू, त्या म्हणाल्या. साठ दिवस आहेत.

पुढच्या गुरुवारी ती आनंदात होती. सहाव्या वॉर्डाचा आकडा इतरांपेक्षा वेगळा दिसत होता; आनंदावर विरजण कसं घालायचं? त्याच्या पुढच्या गुरुवारी बाई नोंदीचं पान समोर उघडून बसल्या, आणि घडीवाली म्हणाली, "बाई, आमच्या बायका विचारतात, तुमच्या बाई काय म्हणाल्या? मी सांगते, बाई म्हणतात चांगलं चाललंय." त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता "आधी का नाही सांगितलं" हेही सांगावं लागणार होतं. अपील फेटाळलं तर? तर ती येणार नाही. गुरुवारी चार वाजता दुसरं कुणी येईल आणि कामाचं विचारेल. बाईंनी स्वतःशी हे इतक्या उघड शब्दांत कधी म्हटलं नाही. आज नको, उद्या नको, असं करत राहिल्या. अठ्ठावीस वर्षं ज्यांनी मुलांना सांगितलं की नको असलेला आकडा वगळायचा नसतो, त्याच बाई रोज सकाळी पानावर त्या ठिपक्याच्या जागी नजर न नेता खाली सरकत होत्या. साठ दिवस संपले तो मंगळवार होता. त्या दिवशी त्यांनी घर झाडून-पुसून लख्ख केलं.

घडीवाली मोजत होती. रोज पहाटे, धुलाईच्या आधी, सहाही वॉर्ड. चोविसाव्या आठवड्यात तिला कोडं सुटलं. सहाव्या वॉर्डात दर सोमवारी चादरी कमी परत येत आणि शुक्रवारी अचानक जास्त. ती स्वतः वर गेली आणि नर्सला म्हणाली, कपाट उघडा. पायपुसण्यांच्या मागे एकशे चाळीस चादरी निघाल्या, नीट घड्या घातलेल्या.

"चोरी नव्हती हो, बाई," ती सांगत होती. "त्या नर्सांना भीती. चादरी कमी पडतात म्हणून त्या लपवतात, आणि त्या लपवतात म्हणून सगळीकडे कमी पडतात. एकीने तर रडायलाच घेतलं. मी म्हटलं, अगं, मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या."

"हे शेवटच्या प्रकरणात घाला," बाई एवढंच म्हणाल्या.

त्या रविवारी ताईचा फोन आला. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला सुनेच्या आणि नातवंडांच्या गराड्यात राहायची आणि रविवारी जेवणं आटोपली की धाकट्या बहिणीची हजेरी घ्यायची. बाईंनी तिला सगळं सांगितलं. ताईने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे नवलच.

"तुला भीती कसली वाटली?" शेवटी ताई म्हणाली.

"ती यायची बंद होईल याची."

"आता नाही का होणार?"

"आता नक्कीच होईल."

"मग आता सांगायला तुझं काय जातंय?" ताई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "मला एक फोन करायचास गं, ताप आला तेव्हा. मी काय मेले होते?"

ताईच्या घरी पलीकडे कुणीतरी भांडं पाडलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

सव्विसाव्या आठवड्यात घडीवाली आली ती केस नीट बांधून. "बाई, झालं. आता हे चढवायचं कुठे? मोजणीच्या नादात इतके दिवस त्या पानावर फिरकलेच नव्हते. सकाळपासून बघते, उघडतच नाही. माझंच काहीतरी चुकत असेल."

"हातातलं जरा खाली ठेवा," बाई म्हणाल्या.

इतक्या महिन्यांत बाई असं कधी म्हणाल्या नव्हत्या. घडीवालीने अर्धी घातलेली घडी तशीच बाजूला ठेवली.

"तुमचं काही चुकलं नाही. नोंदणीचा एक अर्ज राहिला होता. तुमचं नाव पटावर नाही."

"कधीपासून?"

"अकरा आठवडे झाले."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात."

मागे मशीन फिरत होतं. एक बाई हातगाडी ढकलत आली, घडीवालीने तिला हातानेच परत पाठवलं.

"मग मला मोजायला का लावलंत?"

बाईंनी उत्तर पाठ केलं होतं. त्यात साथ होती, ताप होता, चुकीचा पत्ता होता. त्यातलं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. "तुम्ही यायच्या बंद व्हाल म्हणून," त्या म्हणाल्या. "मला गुरुवारी तुमच्याशी बोलायला आवडायचं."

घडीवाली त्यांच्याकडे बघत राहिली, एखादा डाग निघेल की चादर रद्द करावी लागेल हे ठरवताना बघावं तशी. "मी रोज पहाटे साडेचारला उठले," ती म्हणाली. "माझ्या दोन बायका माझ्यासोबत उठल्या. त्यांचा अभ्यासही नव्हता. मी त्यांना काय सांगू?"

"सांगा की बाईंनी लपवलं."

"ते तर सांगेनच." तिने चादर उचलली. "मशीन थांबलंय. जाते मी."

मशीन थांबलं नव्हतं. ते फिरताना बाईंना ऐकू येत होतं. मग पडदा काळा झाला.

त्याच संध्याकाळी बाईंनी विद्यापीठाच्या समन्वयकाला गाठलं. तो तिशीतला, अतिशय नम्र मुलगा होता. सगळं ऐकून तो गडबडला. "मॅडम, मुदत संपल्यावर अपील उघडता येतं, पण कारण लागतं. आणि अशा कारणासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही."

"कोणते आहेत?"

"आजारपण, आपत्ती, तांत्रिक अडचण, इतर."

"इतर."

बाईंनी दोन पानं लिहिली. 'इतर'मध्ये पाचशे अक्षरांच्या वर मावत नव्हतं. त्या काटत गेल्या. आधी आपला ताप काटला, मग आपली अठ्ठावीस वर्षांची नोकरी, मग दिलगिरीची लांबलचक वाक्यं. शेवटी उरलं ते असं: विद्यार्थिनीची चूक नाही. तिचं नाव कमी झाल्याचं मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. तिचे आकडे मी स्वतः तपासले आहेत, ते खरे आहेत.

एक पत्र त्यांनी घडीवालीसाठीही लिहिलं. विद्यार्थ्यांचे पत्ते मार्गदर्शकांना मिळत नसत, म्हणून ते समन्वयकामार्फत गेलं. त्यात माफी होती, आणि सोमवारचे आकडे कुणीही सांगितलं तरी वगळू नका, असं होतं.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. घडीवालीला पुन्हा प्रवेश मिळाला, मोजणी ग्राह्य धरली, पण राहिलेले दोन विषय द्यावे लागणार होते आणि मार्गदर्शक बदलला होता. बाईंना लेखी समज मिळाली. काढून टाकतील असं त्यांना वाटलं होतं. मनातून त्या तयारही होत्या. समन्वयक म्हणाला, "सांख्यिकीचं माणूस मिळत नाही हो मॅडम." ते ऐकून बाईंना समज मिळाल्यापेक्षाही जास्त लागलं.

"माझं पत्र पोहोचलं का?"

"पोहोचलं. उघडलेलं दिसतंय."

"काही उत्तर?"

"उत्तर नाही, मॅडम."

गुरुवारी चारची वेळ ॲम्ब्युलन्सच्या चालकाला गेली. तो भला माणूस होता, गाडीतच बसून बोलायचा, आणि वर्दी आली की वाक्य अर्धवट टाकून निघून जायचा. बाई आता सकाळी उठल्या उठल्या ठिपके बघत. लाल दिसला की चहा बाजूला ठेवून त्या माणसाला तिथल्या तिथे स्क्रीनवर बोलावून घेत आणि अर्ज भरून होईपर्यंत सोडत नसत. त्यांची कडक म्हणून ख्याती झाली. दोघांनी तर मार्गदर्शक बदलून मागितला.

नऊ महिन्यांनी पदवीदान झालं, तेही स्क्रीनवरच. मार्गदर्शकांना बोलावणं नव्हतं, पण बघायला मनाई नव्हती. दुपारी अडीच वाजता बाईंनी दुवा उघडला. कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता: चारशे बारा. कोण कुणाला दिसत नव्हतं, फक्त आकडा. एकेक नाव पुकारलं जाई आणि वीस सेकंद त्या माणसाचं घर पडद्यावर येई.

घडीवालीचं नाव आलं तेव्हा बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांना लाँड्री दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती एक मोठी, पिवळ्या भिंतींची बैठकीची खोली, माणसांनी गच्च भरलेली. मधोमध गडद निळ्या कपड्यात घडीवाली, हात मोकळे, त्यांचं काय करावं ते न कळून मांडीवर ठेवलेले. शेजारी नवरा असावा, टक्कल पडलेला, सारखा डोळे पुसणारा. मागे मुलगे, सुना, शेजारीपाजारी, लाँड्रीतल्या त्या दोघी, सोफ्याच्या पाठीवर चढलेली चार पोरं. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळी खोली एकदम हसली. आवाज बंद होता.

बाईंना तिच्या घरात कोण कोण आहे हे माहीतच नव्हतं. सहा महिने दर गुरुवारी भेटून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिलाही आपल्यासारखंच कुणी नसेल, असं त्या परस्पर धरून चालल्या होत्या. एवढ्या भरल्या घरातून उठून ती बाई दर आठवड्याला विचारत होती, जेवलात का.

वीस सेकंद संपली. खाली अभिनंदनाचे शब्द भराभर वर सरकत होते. बाईंनी लिहिलं, "सहाव्या वॉर्डासाठी विशेष अभिनंदन." मग 'अभिनंदन' सोडून बाकीचं खोडलं आणि पाठवलं. दोन सेकंदांत ते शंभर अभिनंदनांबरोबर वर निघून गेलं.

बाईंचे आणखी दोन विद्यार्थी यादीत खाली होते, म्हणून त्या शेवटपर्यंत थांबल्या. समारोप झाला, पडद्यावर विद्यापीठाचं चिन्ह उरलं आणि कोपऱ्यातला आकडा उतरू लागला. तीनशे. एकशे दहा. चाळीस. सहा. बाई सवयीने बघत राहिल्या. मग एक झाला आणि तिथेच थांबला. हा कोण अजून बसलाय, असं त्यांच्या मनात आलं, आणि तो एक म्हणजे आपणच हे कळायला त्यांना एक क्षण लागला.

रविवार नव्हता, तरी त्यांनी ताईला फोन लावला.

"काय गं, बरी आहेस ना?" ताईने घाबरून विचारलं.

"बरी आहे. एक विद्यार्थिनी पास झाली."

"तीच?"

"तीच."

"बोलली तुझ्याशी?"

"नाही."

"आज ये इकडे. रात्री राहा. पोरांचा गोंधळ आहे, पण ये."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "पाचला एक जण आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा ठिपका लाल आहे."

"मग साडेपाचला नीघ."

"बघते," बाई म्हणाल्या, आणि हेडफोन पुसायला घेतला.